मीटरच्या पुढची नळी : बर्कली शहराच्या गॅसबंदीचे प्रकरण

नव्या इमारतीचा गॅसचा नकाशा दिसायला साधा असतो. रस्त्याच्या बाजूला मीटर आणि मीटरपासून आत जाणारी एक जाड रेघ. तिला फांद्या फुटतात. एक स्वयंपाकघरातल्या शेगडीकडे, एक पाण्याच्या हीटरकडे, एक घर तापवणाऱ्या भट्टीकडे, आणि कधी एखादी कपडे वाळवायच्या यंत्राकडे जाते. प्रत्येक फांदीवर नळीचा व्यास आणि लागणाऱ्या उष्णतेचा बीटीयूमधला (उष्णता मोजायचे एकक) आकडा लिहिलेला असतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठी मी बरीच वर्षे असेच नकाशे काढते आहे. ही रेघ नव्या इमारतींत काढायचीच नाही, असे २०१९ मध्ये बर्कली शहराने ठरवले. अमेरिकेत असे करणारे ते पहिले शहर. पाच वर्षांनी त्याच शहराला तो कायदा मागे घ्यावा लागला.

हे सगळे सार्वजनिक नोंदीत आहे, म्हणून शहराचे नाव लपवलेले नाही. माणसांचा उल्लेख मात्र त्यांच्या कामावरूनच केला आहे.

पार्श्वभूमी

बर्कली हे खाडीच्या पूर्व काठावरचे, सव्वा लाख वस्तीचे विद्यापीठाचे गाव. २००६ मध्ये तिथल्या मतदारांनी ठराव केला की २०५० पर्यंत शहराचे हरितगृह वायूंचे उत्सर्जन ८० टक्क्यांनी कमी करायचे. २००९ मध्ये हवामान आराखडा आला. २००० च्या तुलनेत २०२० पर्यंत ३३ टक्के घट, असा त्यातला पहिला टप्पा होता. २०१८ च्या जूनमध्ये नगर परिषदेने हवामान आणीबाणी जाहीर केली.

हिशेब मांडला तेव्हा गाड्या सगळ्यात वर निघाल्या, हे अपेक्षितच होते. पण इमारतींमध्ये जळणाऱ्या नैसर्गिक वायूचा वाटा २७ टक्के निघाला. हा आकडा वेगळ्या जातीचा आहे. कॅलिफोर्नियातली वीज दरवर्षी थोडी स्वच्छ होते, कारण सौर आणि पवन ऊर्जा वाढते आहे. त्यामुळे घरातला विजेवरचा हीटर तुम्ही काही न करता आपोआप सुधारत जातो. गॅसच्या हीटरचे तसे नाही. गॅसमधला मिथेन आज जळला किंवा वीस वर्षांनी जळला, तेवढाच कार्बन डायऑक्साइड निघणार. शिवाय नळ्यांतून गळणारा न जळलेला मिथेन वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट तापदायक ठरतो.

दुसरे कारण भूकंपाचे. बर्कलीखालून हेवर्ड भेग जाते. १९८९ च्या भूकंपात सॅन फ्रान्सिस्कोच्या मरीना भागात फुटलेल्या गॅसवाहिन्यांनी आगी भडकल्या होत्या. २०१० मध्ये सॅन ब्रुनोला तर भूकंपाशिवायच मोठी वाहिनी फुटली. आठ जण गेले, ३८ घरे जळाली. इथे राहणाऱ्यांना त्या संध्याकाळचे ज्वाळांचे आकाश आजही आठवते.

मराठी वाचकाला इथे एक गोष्ट उलटी वाटेल. मुंबई-पुण्यात पाइपचा गॅस घरात येणे म्हणजे सिलिंडरच्या रांगेतून सुटका. २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅससारख्या स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. तिथे गॅस हेच पुढचे पाऊल आहे, कारण विजेमागे अजून बहुतांशी कोळसाच जळतो. कॅलिफोर्नियात कोळशावरची वीज जवळपास संपली आहे. म्हणून बर्कलीच्या निर्णयाकडे बघताना तिथल्या विजेची जात लक्षात ठेवायला हवी.

अडचण

इमारत पन्नास वर्षे सहज टिकते. २०२० मध्ये घातलेली गॅसची नळी २०५० मध्येही भिंतीत असणार, आणि शहराने तर २०५० चा शब्द दिलेला. जुन्या घरातून गॅस काढायचा म्हणजे विजेचा मुख्य फलक बदला, जादा वायरिंग करा, भिंती फोडा. खर्च मोठा आणि घरमालक तयार नसतो. नव्या इमारतीत तोच बदल कागदावर एक रेघ कमी करून होतो. म्हणून सुरुवात नव्यापासून करायची, हा तर्क बिनचूक होता. माझ्या मते तो आजही बिनचूक आहे.

विरोधाची कारणेही खरी होती. पहिले विजेचे बिल. या भागातली वीज देशातल्या सर्वात महाग विजेत मोडते. २०२४ पर्यंत घरगुती युनिटचा दर ४० सेंटच्या वर गेला. हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढणारे विजेचे यंत्र, एका युनिटमध्ये तीन-चार युनिटांइतकी उष्णता देतो, त्यामुळे पाणी आणि घर तापवण्यात गणित जमते. स्वयंपाकात ते तसे जमत नाही. दुसरे कारण वीज जाण्याचे. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये वणव्याच्या भीतीने वीज कंपनीने डोंगरभागाचा पुरवठा मुद्दाम बंद केला, त्यात बर्कलीच्या टेकड्याही आल्या. ‘सगळे विजेवर आणि वीजच नाही’ ही तक्रार त्या महिन्यात खूप ऐकली. गॅसच्या भट्टीचा पंखाही विजेवरच फिरतो, हे लोक विसरत होते. पण शेगडी काडी लावून पेटते, हेही खरे.

तिसरे कारण ज्योतीचे. उपाहारगृहांच्या संघटनेचे म्हणणे होते की वॉकमधला (चिनी कढईतला) भडका, आचेवर भाजलेले मांस आणि काळपट भाजलेल्या भाज्या विजेवर होत नाहीत. मला ते सहज समजते. आमच्या घरी इंडक्शन आले तेव्हा सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो वांग्याच्या भरताचा. वांगे ज्योतीवर धरायचे, साल तडतडून काळी होईपर्यंत फिरवायचे, तेव्हा तो धुरकट वास येतो. इंडक्शनवर वांगे धरायला काही नाही. आता सासूबाई ओव्हनच्या वरच्या जाळीखाली वांगे भाजतात आणि फुलके तव्यावरच फडक्याने दाबून फुगवतात. भरत चांगले होते, पण ‘तसे’ नाही, असे त्या दर वेळी सांगतात. त्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. धोरण लिहिणाऱ्यानेही नेऊ नये.

समोरचे पर्याय

हा या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून जरा थांबून.

पहिला पर्याय राज्याच्या इमारत ऊर्जा संहितेचा. कॅलिफोर्नियात ही संहिता दर तीन वर्षांनी बदलते, आणि शहराला तिच्याहून कडक नियम करता येतात. अट अशी की वाढीव नियम ग्राहकाला परवडतो हे अभ्यासाने दाखवायचे, राज्याच्या ऊर्जा आयोगाची मान्यता घ्यायची आणि पुढच्या संहितेच्या वेळी सगळे पुन्हा करायचे. या वाटेने थेट बंदी घालणे अवघड होते. मिश्र इंधनाच्या (गॅस आणि वीज दोन्ही असलेल्या) इमारतीला इतका वरचा कार्यक्षमतेचा दर्जा मागायचा की बांधणारा आपणच विजेकडे वळेल, एवढे जमले असते.

दुसरा पर्याय शहराच्या मूळ अधिकाराचा. कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेनुसार आरोग्य आणि सुरक्षिततेसाठी शहराला नियम करता येतात. इथे परवडण्याचा पुरावा लागत नाही, आयोगाची मान्यता लागत नाही, तीन वर्षांनी नूतनीकरणही नाही. उपकरणाला हात न लावता नळीला हात लावायचा : कोणती शेगडी घ्यायची ते तुम्ही ठरवा, फक्त नव्या इमारतीत गॅसची नळी नसेल.

तिसरा पर्याय सवलतींचा. विजेवरच्या इमारतीला परवानगी लवकर, शुल्क कमी. कोणी कोर्टात जाणार नाही, पण बदलही सावकाश.

चौथा पर्याय राज्याकडे जाण्याचा. मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रुकलाइन गावाला ती वाट नाइलाजाने धरावी लागली. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये गावसभेने गॅसवर बंदी घातली. २०२० मध्ये राज्याच्या महाधिवक्त्यांनी ती राज्याच्या कायद्याशी विसंगत म्हणून रद्द केली. शेवटी २०२२ मध्ये राज्यानेच कायदा करून दहा गावांना प्रयोग म्हणून परवानगी दिली. तीन वर्षे गेली, पण हातात आले ते कायद्याच्या आधारावर उभे होते.

बर्कलीने दुसरा पर्याय निवडला. तो वेगवान आणि कायमचा होता, आणि वरकरणी सर्वात सोपाही.

प्रत्यक्ष काय केले

१६ जुलै २०१९ रोजी नगर परिषदेने एकमताने कायदा मंजूर केला. तो मांडणाऱ्या नगरसेविकेने महिनोन्‌महिने वकील, अभियंते आणि बांधकाम विभाग यांच्याशी बसून मसुदा बांधला होता. १ जानेवारी २०२० पासून जमीनवापराच्या परवानगीसाठी येणाऱ्या नव्या इमारतींना तो लागू झाला. जुन्या इमारतींना हात लावला नाही. विजेवर बांधणे तांत्रिकदृष्ट्या अशक्य असेल तर सूट, आणि सार्वजनिक हितासाठी वेगळी सूट, अशा दोन फटी ठेवल्या. अंमलबजावणीसाठी बांधकाम विभागात दोन वर्षांच्या एका पदाची तरतूद केली. लहान शहराने एवढे करणे सोपे नव्हते, त्याचे श्रेय द्यायलाच हवे.

कायद्यातली व्याख्या नीट वाचावी अशी आहे. ‘नैसर्गिक वायूची यंत्रणा’ म्हणजे मीटरच्या ठिकाणी गॅस मिळतो तिथून पुढे, जागेच्या हद्दीत इमारतीशी जोडलेली नळी. मीटरपर्यंतची वाहिनी गॅस कंपनीची, तिच्यावर राज्याच्या वीज-गॅस आयोगाची सत्ता. म्हणून शहराने मीटरच्या पुढचा तुकडा पकडला. कंपनीच्या हद्दीत पाय टाकायचा नाही आणि उपकरणालाही हात लावायचा नाही, असा विचार होता. मधली मोकळी जागा सापडली, असे शहराला वाटले.

पुढच्या काही वर्षांत कॅलिफोर्नियातल्या सत्तरहून अधिक शहरांनी आणि काउंटींनी कुठल्या ना कुठल्या स्वरूपात हाच रस्ता धरला. सॅन होजे आणि सॅन फ्रान्सिस्कोही त्यात होती. उलट दिशेने २०२० मध्ये ॲरिझोनाने शहरांना अशी बंदी घालता येणार नाही असा कायदा केला, आणि मग वीसहून अधिक राज्यांनी तो कित्ता गिरवला.

कोर्टात

२०१९ च्या नोव्हेंबरमध्येच राज्याच्या उपाहारगृहांच्या संघटनेने शहरावर दावा ठोकला. बर्कलीत नवे उपाहारगृह उघडू पाहणाऱ्या आपल्या सदस्यांचे नुकसान होते, हा त्यांचा आधार. मुद्दा मात्र वॉकचा नव्हता, १९७५ च्या एका केंद्रीय कायद्याचा होता.

१९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखले, त्यानंतर अमेरिकेने ऊर्जा धोरण आणि बचत कायदा केला. घरगुती उपकरणांची कार्यक्षमता केंद्राने ठरवायची अशी व्यवस्था त्यातून आली. पुढे राज्याराज्यांचे वेगवेगळे नियम वाढू लागले. ५० राज्यांसाठी ५० प्रकारचे फ्रिज बनवायचे का, अशी उत्पादकांची तक्रार सुरू झाली. म्हणून १९८७ मध्ये केंद्राने वरचष्म्याची तरतूद घट्ट केली : ज्या उपकरणाला केंद्रीय मानक आहे, त्याच्या ‘ऊर्जा कार्यक्षमते’बद्दल किंवा ‘ऊर्जा वापरा’बद्दल राज्याने वा शहराने वेगळा नियम करायचा नाही. ‘ऊर्जा वापर’ म्हणजे वापराच्या ठिकाणी उपकरण थेट किती ऊर्जा खाते ते प्रमाण.

शहर म्हणाले, आम्ही प्रमाण ठरवतच नाही. कोणत्याही शेगडीला मानक लावलेले नाही, फक्त इंधनाची नळी घातलेली नाही. २०२१ च्या जुलैमध्ये जिल्हा न्यायालयाने हे मान्य करून केंद्रीय कायद्याचा दावा फेटाळला. अपिलात केंद्रीय ऊर्जा खाते स्वतः शहराच्या बाजूने उभे राहिले.

१७ एप्रिल २०२३ रोजी नवव्या विभागीय अपील कोर्टाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने निकाल फिरवला. तर्क असा : नळी नसेल तर शेगडीचा गॅसवापर शून्य होतो, शून्य हेही एक प्रमाणच आहे, आणि वापराच्या ठिकाणी उपकरण चालूच शकत नसेल तर तो उपकरणाच्या ऊर्जा वापराबद्दलचाच नियम झाला. जे थेट करायला मनाई आहे ते नळीच्या आडून करता येणार नाही. हे कोर्ट नऊ पश्चिमी राज्यांचे असल्याने निकाल बर्कलीपुरता राहिला नाही. ऑरेगॉनमधल्या युजीन शहराने फेब्रुवारीत केलेला नियम जुलैमध्ये मागे घेतला. कॅलिफोर्नियातल्या कित्येक शहरांनी अंमल थांबवला.

शहराने मोठ्या पीठाकडे फेरसुनावणी मागितली. २ जानेवारी २०२४ रोजी ती नाकारली गेली. अनेक न्यायाधीशांनी मिळून खरमरीत विरोधी मत लिहिले आणि पुढच्या कोर्टांनी ही चूक गिरवू नये असेही म्हटले. पीठानेही आपला निकाल दुरुस्त करून अरुंद केला : गॅस मीटरपर्यंत उपलब्ध असताना पुढची नळी रोखणारा इमारत नियम, एवढ्यापुरताच तो.

मीटरच्या पुढचा तुकडा शहराने सुरक्षित समजून निवडला होता. कोर्टाने नेमका तोच तुकडा ‘वापराच्या ठिकाणा’शी जोडला.

निष्पत्ती

पुढे सर्वोच्च न्यायालय उरले होते. तिथे हरल्यास निकाल नऊ राज्यांऐवजी पन्नास राज्यांना लागला असता. शहर गेले नाही. मार्च २०२४ मध्ये संघटनेशी तडजोड झाली : अंमल तत्काळ बंद, कायदा रद्द करण्याची प्रक्रिया सुरू. मला ही माघार शहाणपणाची वाटते. स्वतःचा कायदा गमावून बर्कलीने इतरांच्या वाटा मोकळ्या ठेवल्या.

त्या मोकळ्या वाटेवर न्यूयॉर्क उभे आहे. २०२१ च्या डिसेंबरमधल्या तिथल्या स्थानिक कायद्याने नळीचे नावच घेतले नाही. ठरावीक उष्णतेमागे ठरावीक किलोपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड सोडणारे इंधन नव्या इमारतीत जाळायचे नाही, अशी उत्सर्जनाची मर्यादा घातली. सात मजल्यांखालच्या इमारतींना २०२४ पासून, उंच इमारतींना २०२७ पासून. व्यावसायिक स्वयंपाकघरे, रुग्णालये आणि प्रयोगशाळा सुरुवातीलाच वगळल्या. दावा तिथेही झाला. २०२५ च्या मार्चमध्ये तिथल्या जिल्हा न्यायालयाने तो फेटाळला आणि बर्कलीच्या निकालातला तर्क नाकारला.

बर्कलीत आणखी एक प्रयत्न झाला. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये १५,००० चौरस फुटांहून मोठ्या इमारतींच्या गॅसवर कर लावायचा प्रस्ताव मतदानाला आला. मोठ्या फरकाने पडला. नगर परिषदेने एकमताने गॅसबंदी केली होती, त्याच शहरात.

वेगळे काय करता आले असते

उपाहारगृहे पहिल्याच मसुद्यात वगळायला हवी होती. उत्सर्जन मुख्यतः पाणी आणि घर तापवण्यातून होते, आणि तिथे हीट पंपाचे गणित जमते. व्यावसायिक चुलीतून होणारी बचत तुलनेने लहान, पण भावना आणि संघटना दोन्ही तिथेच. उपाहारगृहे वगळली असती तर या वादीला कोर्टात उभे राहायला पायच नसता. दुसरा कोणी, एखादा बिल्डर किंवा उपकरण उत्पादक, आला नसता असे मी म्हणत नाही. पण ‘आमची ज्योत हिसकावली’ ही गोष्ट लोकांना सांगायला कोणी उरले नसते. सार्वजनिक हिताच्या सुटीतून उपाहारगृहांना वाट देता आली असती, असा युक्तिवाद नंतर ऐकला. पण अर्ज करून मिळणारी सूट आणि कायद्यात लिहिलेली सूट यांत फरक आहे. भांडवल घालणारा माणूस पहिलीवर विसंबत नाही.

दुसरा प्रश्न कायद्याचे कोणते हत्यार निवडायचे याचा. ज्या केंद्रीय कायद्याने शहर हरले, त्याच कायद्यात इमारत संहितांसाठी सात अटींची सवलत आहे. बांधणाऱ्याला अनेक मार्गांनी एकच ऊर्जालक्ष्य गाठू देणारी संहिता तिच्यात बसू शकते. हा दरवाजा २०१९ मध्येही उघडा होता. निकालानंतर अनेक शहरे त्याच दरवाजाकडे परतली. परवडण्याचा अभ्यास, आयोगाची मान्यता, दर तीन वर्षांनी पुन्हा, हे सगळे कंटाळवाणे म्हणून टाळले गेले होते. माझ्या टेबलावर रोज असले कागद येतात, ते किती वेळ खातात हे मला माहीत आहे. तरी सांगते, ते कागद म्हणजे पुढच्या खटल्यातली ढाल असते. ही वाटही कायम उघडी राहिली नाही. २०२५ मध्ये राज्याने घरांसाठीच्या स्थानिक संहिता-वाढीवर २०३१ पर्यंत बहुतांशी बंदी घातली, घरबांधणी स्वस्त व्हावी म्हणून. ज्या शहरांनी आधीच संहितेत बदल करून ठेवले, त्यांचे पारडे जड राहिले.

तिसरी गोष्ट पैशाची. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये राज्याच्या वीज-गॅस आयोगाने नव्या इमारतींना गॅसवाहिनी जोडण्यासाठी मिळणारे अनुदान बंद करायचे ठरवले, १ जुलै २०२३ पासून. पूर्वी जोडणीचा बराचसा खर्च सगळ्या ग्राहकांच्या बिलात विरघळत असे, आता तो बांधणाऱ्याने भरायचा. खाडी परिसराच्या हवा मंडळाने २०२३ च्या मार्चमध्ये नायट्रोजन ऑक्साइड सोडणाऱ्या घरगुती हीटरची विक्री टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा नियम केला, पाण्याचे हीटर २०२७ पासून, घर तापवणाऱ्या भट्ट्या २०२९ पासून. दोन्ही निर्णय शहराच्या हातातले नव्हते. पण २०१९ मध्ये बर्कलीने आपले वजन या दोन दारांवर आधी टाकले असते तर?

गेल्या महिन्यात एका लहान इमारतीचा नकाशा माझ्याकडे आला. आठ घरे, तळमजल्यावर एका उपाहारगृहाची जागा. बंदी आता नाही, म्हणून मी मालकांना विचारले, गॅस घ्यायचा का? त्यांनी जोडणीचा खर्च पाहिला आणि घरांसाठी नको म्हणाले. तळमजल्याच्या भाडेकरूला हवा असेल तर तो त्याच्या खर्चाने घेईल. नकाशावर मी मीटरपासून एकच रेघ काढली, उपाहारगृहाच्या ओट्यापर्यंत, आणि वरच्या आठ घरांना हीट पंप दाखवले.